पहिल्या घोड्याचे नाव कोणते?

घोड्याच्या उत्क्रांतीविषयीच्या पुस्तकांत पहिले चित्र असते ते एका चिमुकल्या प्राण्याचे. पुढच्या पायांना चार आणि मागच्या पायांना तीन बोटे असलेला हा प्राणी कुठे 'इओहिप्पस' या नावाने भेटतो, तर कुठे 'हायरॅकोथेरियम' या नावाने. यांपैकी खरे नाव कोणते, याचे उत्तर १९३२ पासून दोनदा बदलले आहे.

दोन खंड, दोन नावे

इंग्लंडमधील केंट परगण्यात सापडलेल्या एका कवटीच्या अवशेषाचे रिचर्ड ओवेन यांनी १८४१ मध्ये वर्णन केले. दातांच्या ठेवणीवरून त्यांना आफ्रिकेतील हायरॅक्स या छोट्या प्राण्याची आठवण झाली. म्हणून नाव ठेवले हायरॅकोथेरियम, म्हणजे हायरॅक्ससारखा पशू. घोड्याशी असलेले त्याचे नाते तेव्हा ध्यानात आले नाही.

पुढे १८७६ मध्ये अमेरिकेतील ओथनिएल मार्श यांनी तेथील जीवाश्मांना इओहिप्पस, म्हणजे 'पहाटेचा घोडा' हे नाव दिले. नाव अर्थपूर्ण होते, लोकप्रियही झाले.

नियमाचा निकाल

क्लाइव्ह फॉर्स्टर कूपर यांनी १९३२ मध्ये दोन्ही प्राणी एकाच प्रजातीचे ठरविले. प्राणिनामकरणाच्या नियमानुसार एकाच प्रजातीला दोन नावे असल्यास आधीचे नाव ग्राह्य धरतात. नाव समर्पक आहे की नाही, याला महत्त्व नसते. त्यामुळे इओहिप्पस मागे पडले.

मात्र नाव ज्या मूळ नमुन्यावरून दिले जाते, त्याच्याशी ते कायमचे बांधलेले असते. इंग्लंडमधील तो नमुना घोड्याच्या थेट वंशातील नसून 'पॅलिओथेअर' या भाऊबंद शाखेकडे झुकतो, असे पुढील संशोधनातून पुढे आले. मग अमेरिकी प्राण्यांना ते नाव कसे चालणार? डेव्हिड फ्रोलिक यांनी २००२ मध्ये हा गट अनेक प्रजातींत विभागला. इओहिप्पस पुन्हा अधिकृत झाले आणि सर्वांत जुन्या रूपासाठी 'सिफ्रहिप्पस' हे नवे नाव आले. अरबीतील 'सिफ्र' म्हणजे शून्य.

नावापलीकडे

हा वाद केवळ शब्दांचा नाही. निरनिराळे प्राणी एकाच नावाखाली कोंबले, की उत्क्रांतीचा क्रमच धूसर होतो. वायोमिंगमधील सिफ्रहिप्पसच्या दातांचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. सुमारे ५.६ कोटी वर्षांपूर्वी पृथ्वी तापली, तेव्हा या घोड्याचे वजन सुमारे ५.६ किलोवरून ३.९ किलोपर्यंत घटले, असे त्यातून दिसले. वर्गीकरण पक्के नसते, तर असा बदल निश्चित करणे कठीण झाले असते.

या कुळकथेचा एक धागा भारतातही आहे. सुरतजवळच्या वस्तान लिग्नाइट खाणीतील 'कॅम्बेथेरियम'चे वर्णन २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. घोडा, गेंडा व टॅपिर यांच्या समान पूर्वजाच्या तो अगदी जवळचा असल्याचे २०१४ मधील विश्लेषणात आढळले.