रेडिओची खरखर

तिरोडा तालुक्यातील चोरखमाऱ्याच्या तलावावर मृगाचे ढग जमू लागले, की गडगडाट कानी येण्याआधीच घरातला जुना रेडिओ कडकडू लागतो. १६ जुलै १९४८ रोजी नागपूर केंद्र सुरू झाले, तेव्हापासून विदर्भातील शेतकऱ्याच्या ओळखीचा हा आवाज. पाऊसपाण्याची बातमी ज्या दिवसांत अगदी गरजेची, त्याच दिवसांत खरखर फार! मग आपण म्हणतो, "सेट बिघडला." पण खरखर येते कोठून, हे विचारल्यावाचून तिचा बंदोबस्त होत नाही. तिचा इतिहासही हेच सांगतो.

गंमत अशी, की रेडिओ बोलायला शिकण्यापूर्वी खरखर ऐकायला शिकला. १८९५ साली रशियात पोपोव्ह यांनी जे यंत्र दाखवले, ते दूरच्या विजेची चाहूल घेई. वीज चमकते तेव्हा लहानमोठ्या अनेक लांबीच्या रेडिओलहरी उठतात. मध्यम लहरींवर गाणे किंवा भाषण लहरीच्या उंचीच्या चढउतारात भरलेले असते. वीज त्याच उंचीत ढवळाढवळ करते. मग सेटने निवड तरी कशी करावी?

अमेरिकेत कार्ल यान्स्की या तरुण अभियंत्याकडे हेच काम आले. समुद्रापलीकडच्या रेडिओ-टेलिफोनमध्ये खरखर कशाची, ते त्याने शोधायचे होते. चाकांवर फिरणारा एरियल उभारून त्याने खरखरीची प्रतवारी केली: जवळच्या वादळांची, दूरच्या वादळांची आणि तिसरी एक मंद सूसू. ही तिसरी रोज चार मिनिटे लवकर येई, म्हणजे ताऱ्यांच्या वेळापत्रकाने! १९३३ साली त्याने जाहीर केले, की ती आकाशगंगेतून येते. त्यातून रेडिओ-खगोलशास्त्र जन्मले. आज जुन्नर तालुक्यात खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या तसलेच क्षीण आवाज टिपतात. यंत्रांची खरखर तेथे कमी, हे जागा निवडण्याचे एक कारण होते.

त्याच १९३३ साली आर्मस्ट्राँग यांना एफ.एम.चे पेटंट मिळाले. त्यात आवाज लहरीच्या उंचीत नव्हे, तर तिच्या कंपनसंख्येत भरतात. त्यामुळे विजेची खरखर बरीचशी छाटता येते.

आता घरचा जुना सेट घ्या. आकाश निरभ्र असताना एरियलची तार काढा. खरखर थांबली, तर ती बाहेरची. मग घरातली मोटार, चार्जर, दिवे एकेक बंद करून पाहा. थांबली नाही, तर दोष बहुधा सेटच्या पोटात. आवाजाचे बटण फिरवतानाच खर्र होते ना? मग आत धूळ बसली आहे, बरं का. प्लग काढून, संपर्क साफ करण्याचा फवारा मारून बटण दहावीस वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवावे. स्टीरिओ सेटवर एफ.एम. सूसू करीत असेल, तर तो मोनोवर ठेवावा. स्टीरिओला जोरदार लहर लागते. व्हॉल्व्हचा सेट मात्र जाणकाराकडेच न्यावा. प्लग काढल्यावरही त्यात जीवघेणी वीज साठून राहते.

शिक्षकांनी वर्गात मध्यम लहरींवर ट्रान्झिस्टर लावून जवळच्या दिव्याचे बटण दाबून दाखवावे. "टक्" ऐकताच ठिणगीचा आणि विजेचा संबंध मुलांच्या ध्यानी येईल. खरखरला म्हणून टाकून दिलेल्या कितीतरी सेटांना फक्त एवढ्या चौकशीची गरज होती.