उंदीर, पिसू आणि इतिहासाची तासिका

मुंबई शहराची लोकसंख्या १८९१ च्या जनगणनेत ८,२१,७६४ होती. दहा वर्षांनी, १९०१ साली, ती ७,७६,००६ भरली. हे दोन आकडे फळ्यावर लिहावेत आणि वर्गाला विचारावे : बंदर चालू, गिरण्या चालू, रेल्वेने माणसे येताहेत, मग शहर लहान कसे झाले?

माध्यमिक शाळेतील मुलांसाठी इतिहासाचा पाठ रंजक कसा करावा, हा विषय शिक्षकांच्या बैठकांत हमखास निघतो. उत्तरेही ठरलेली असतात. नाट्यीकरण, तक्ते, सहल, प्रश्नमंजूषा आणि आता चित्रफिती. यांपैकी कशालाच माझा विरोध नाही. पण डोक्याला पागोटे बांधून दोन संवाद म्हटलेल्या मुलाला त्या माणसापुढे कोणता पेच होता हे कळतेच असे नाही. प्रयोगशाळेत काम करणाऱ्याची खोड म्हणा, मला पाठाच्या बुडाशी एक खराखुरा प्रश्न हवा असतो. तो सापडला की नियोजनाचे निम्मे काम झाले.

उदाहरणादाखल १८९६-९८ चा प्लेग घेऊ. हा प्रसंग मुलांना बहुधा दोन तुकड्यांत भेटतो. इतिहासाच्या तासाला रँडचा वध आणि चापेकर बंधू. विज्ञानाच्या तासाला रोगांच्या कोष्टकातली एक ओळ : प्लेग, जीवाणू, उंदरावरील पिसू. या दोन तासांची गाठ कधी पडत नाही. ती पाडून देण्यासाठी चार तासिका लागतात. चार तासिका म्हणजे महाग सौदा, हे मला ठाऊक आहे. चापेकरांवरचा परीक्षेतला प्रश्न त्यातल्या एका तासिकेत सुटतो, एवढेच समर्थन आगाऊ देऊन ठेवतो.

पहिली तासिका वर दिलेल्या आकड्यांवरच घालवावी. वजाबाकी केली तर घट ४५,७५८, म्हणजे सुमारे साडेपाच टक्के. मुले तर्क लढवतील : दुष्काळ, स्थलांतर, रोग, मोजणीतील चूक. सगळे तर्क लिहून घ्यावेत, खोडू नयेत. (मोजणीतील चूक म्हणणाऱ्या मुलाला शाबासकी द्यावी, तो पुढे चांगला संशोधक होईल.) मग हळूहळू माहिती पुरवावी. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस या मूळच्या गोव्यातील डॉक्टरांनी एका रुग्णाची गाठ आणि ताप पाहून हा प्लेग असल्याचे ओळखले. मुंबईत धोबीतलावाजवळ, मेट्रो सिनेमासमोर त्यांचा पुतळा आहे. त्याच्याजवळून रोज जाणाऱ्यांपैकी किती जणांना तो कोणाचा हे माहीत असेल? त्यानंतरच्या हिवाळ्यात लाखो लोक शहर सोडून गेले आणि गावोगावी प्लेगही पसरला. १९०१ पर्यंत बरेच लोक परतले होते, तरी तूट राहिलीच. देशभरात पुढच्या पंचवीस वर्षांत या रोगाने एक कोटीहून अधिक माणसे नेली.

दुसऱ्या तासिकेला खरी गंमत आहे. फळ्यावर एक उभी रेघ ओढून तिच्यावर तारखा मांडाव्यात. १८९४ : हाँगकाँगमध्ये येरसँ आणि किटासाटो यांना प्लेगचा जंतू सापडला. ऑक्टोबर १८९६ : वाल्डेमार हाफकिन कलकत्त्याहून मुंबईला आले आणि ग्रँट मेडिकल कॉलेजातील एका खोलीत लस तयार करू लागले. १० जानेवारी १८९७ : त्यांनी ती स्वतःला टोचून घेतली. फेब्रुवारी १८९७ : साथीच्या रोगांचा कायदा झाला. (२०२० साली करोनाच्या काळात हाच कायदा पुन्हा वापरला गेला. आज नववीत बसलेली मुले तेव्हा लहान होती, पण घराबाहेर पडायची बंदी त्यांना चांगली आठवते.) २ जून १८९८ : कराचीत पॉल-लुई सिमाँ यांचा पिसवांवरील प्रयोग.

आता नियम सांगावा : आपण १८९६ च्या ऑक्टोबरात मुंबईच्या नगरपालिकेत बसलो आहोत. रेघेवर आपल्या खाली जे लिहिले आहे ते कोणीही वापरायचे नाही. ‘पिसू’ हा शब्द तोंडून निघाला की बाकीच्यांनी ‘तारीख!’ म्हणून ओरडायचे. वर्गात थोडा गलका होईल, होऊ द्यावा.

या नियमाने एक गोष्ट साधते. उत्तर आधीच माहीत असलेल्या मुलाला पूर्वज नेहमी बावळट वाटतात. उत्तर काढून घेतले की तोच मुलगा विचार करू लागतो. रोगी कोठे सापडताहेत? बंदराजवळ, धान्याच्या वखारींच्या आसपास, दाट वस्तीच्या चाळींत. जंतू आहे हे माहीत आहे, पण तो अंगात शिरतो कोठून? श्वासातून? अन्नातून? अनवाणी पायाला झालेल्या जखमेतून? ओल्या जमिनीतून, कपड्यांतून, गोणपाटातून? हे सर्व तर्क त्या वेळी खरोखर मांडले गेले होते. जमीन आणि घाण यांच्यात जंतू वाढत असेल असे एकदा धरले, की पुढचे उपाय आपोआप सुचतात. नगरपालिका आयुक्त पी. सी. एच. स्नो यांनी (लंडनच्या पटकीचा माग काढणारे जॉन स्नो ते वेगळे) समुद्राचे पाणी आणि कार्बोलिक अॅसिड सोडून गटारे धुतली, भिंतींना चुना मारला, जमिनी उकरल्या, कौले काढून घरात ऊन येऊ दिले, सामान जाळले. त्या वेळच्या माहितीच्या हिशेबाने यात वेडेपणा कोठे होता, हे मुलांना शोधायला सांगावे. फारसा सापडत नाही. उंदीर मरताहेत हे तेव्हाही दिसत होते. पण तोही माणसासारखाच एक रोगी, असा त्याचा अर्थ लावला जाई.

एक गोष्ट मात्र मुलांच्या ध्यानात आणून द्यावी. त्याच ऑक्टोबरच्या अखेरीस गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला आणि पालिकेने आपले कडक हुकूम सौम्य केले. सफाई कामगार घाबरून गेले तर सगळे शहरच कोलमडेल, ही स्नो यांची मोठी चिंता होती. जंतूच्या माहितीत त्या आठवड्यात काडीचाही फरक पडला नव्हता, तरी धोरण बदलले. असे का, हा प्रश्न विचारून तास संपवावा. उत्तर लगेच देऊ नये.

तिसरी तासिका पुण्याची, आणि तीच सर्वांत अवघड. १८९७ च्या फेब्रुवारीत डब्ल्यू. सी. रँड हे प्लेग समितीचे प्रमुख म्हणून आले. मार्चपासून गोरे सैनिक घरोघर झडती घेऊ लागले. रोगी रुग्णालयात, घरातली बाकी माणसे छावणीत, सामानाची होळी. माजघरात, देवघरात बूट घालून शिरल्याच्या, स्त्रियांची उघड्यावर तपासणी केल्याच्या तक्रारी होऊ लागल्या. झडत्या सुरू होण्याच्या सुमारासच, १० मार्चला, प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करणाऱ्या सावित्रीबाई फुले त्याच रोगाने गेल्या. २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँड आणि आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या. आयर्स्ट जागीच गेला, रँड ३ जुलैला. दामोदर चापेकरांना एप्रिल १८९८ मध्ये फाशी झाली, बाळकृष्ण आणि वासुदेव यांना १८९९ च्या मेमध्ये.

येथे शिक्षकाला दोन मोह होतात. एक, कथा रंगवून सांगण्याचा. दोन, ‘दोन्ही बाजू समजून घ्या’ म्हणून हात झटकण्याचा. दुसरा मोह मला अधिक घातक वाटतो. कालच्या तारखांच्या नियमावरून एखादे हुशार मूल म्हणेलच, की रँडला तरी पिसवांचे काय माहीत होते? मग त्याचा दोष काय? हा आक्षेप यावा म्हणूनच दुसरी तासिका घेतली होती. आता फळ्यावर दोन प्रश्न वेगवेगळे लिहावेत. चुना मारून, सामान जाळून प्लेग थांबेल हे मानणे त्या वेळी रास्त होते का? आणि माणसांशी असे वागणे त्या वेळी रास्त होते का? पहिल्याचे उत्तर पिसवाच्या शोधावर अवलंबून आहे, दुसऱ्याचे नाही. अपमान होतो आहे हे कळायला सूक्ष्मदर्शक लागत नाही. आणि ते त्या वेळी सांगितले गेले नव्हते असेही नाही. ‘केसरी’, ‘मराठा’, ‘सुधारक’ ही एरवी एकमेकांशी भांडणारी पत्रे या बाबतीत तक्रारच करत होती.

पुरावा म्हणजे काय, हे शिकवायला या वर्षीच्या दोन घटना फार उपयोगी आहेत. पंडिता रमाबाईंनी मे १८९७ मध्ये ‘बॉम्बे गार्डियन’ला पत्र लिहून आपल्या आश्रमातील मुलीच्या संदर्भात प्लेग रुग्णालयातील व्यवस्थेवर टीका केली, गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी आरोप नाकारले. त्याच सुमारास गोखले इंग्लंडमध्ये होते. पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारे सैनिकांनी स्त्रियांवर केलेल्या अत्याचारांविषयी त्यांनी ‘मँचेस्टर गार्डियन’मध्ये निवेदन दिले. परत आल्यावर साक्षीपुरावा उभा करता येईना, तेव्हा त्यांनी जाहीर माफी मागितली. वर्गाला विचारावे : माफी मागितली म्हणजे तशा घटना घडल्याच नव्हत्या असे ठरते का? त्या काळातली स्त्री, सैनिकाविरुद्ध, नाव देऊन साक्ष द्यायला पुढे आली असती का? आणि साक्ष नसताना तशा घटना घडल्याच, असे आपण तरी छातीठोकपणे म्हणू शकतो का? मुली या चर्चेत मुलांपेक्षा पुढे जातील असा माझा अंदाज आहे. त्यांना मध्येच थांबवू नये. घंटा झाली तरी चालेल.

मुंबईचा अर्धवट राहिलेला प्रश्नही येथे सुटतो. ९ मार्च १८९८ ला रिपन रोडच्या बाजूला विणकर मुसलमानांच्या वस्तीत एका आजारी मुलीच्या तपासणीवरून दंगल पेटली. त्यानंतर जबरदस्तीचे उपाय सरकारने क्रमाक्रमाने सैल केले. फळ्यावरची रेघ पाहिली तर हे सिमाँच्या प्रयोगाच्या आधीपासूनच सुरू झालेले दिसते. वागणूक बदलायला लोकांचा विरोध पुरेसा झाला. विज्ञान मागाहून आले.

चौथी तासिका विज्ञानाच्या शिक्षकाबरोबर जोडून घेता आली तर उत्तम. सिमाँ यांच्यापुढचे कोडे मुलांना जसेच्या तसे घालावे : प्लेगने नुकताच मेलेला उंदीर हाताळणारी माणसे आजारी पडतात, पण मरून चोवीस तास झालेला उंदीर उचलणाऱ्यांना काही होत नाही. शिवाय काही रोग्यांच्या पायावर बारीकसा फोड दिसतो आणि त्यात जंतू सापडतात. काय असेल? येथे नियम शिथिल. कोणीतरी म्हणेल, मेलेले अंग थंड पडते आणि पिसवा ते सोडून जातात. बरोबर. सिमाँ यांनी काचेच्या मोठ्या बरणीत पिसवा असलेला आजारी उंदीर ठेवला, तो मरायला टेकल्यावर लहान पिंजऱ्यातला निरोगी उंदीर त्याला शिवणार नाही असा आत सोडला. काही दिवसांत तोही प्लेगने मेला.

एवढा सुरेख प्रयोग, पण तो बहुतेकांनी मानला नाही. १८९८-९९ च्या प्लेग आयोगाने पिसवाची कल्पना बाजूला सारली. मुलांना हा अन्याय वाटतो. मला तसा वाटत नाही. प्रयोग थोडे होते आणि इतरांनी करून पाहिले तेव्हा तसाच निकाल येत नव्हता. पिसवांच्या जाती अनेक, आणि सगळ्याच उंदरावरून माणसावर येत नाहीत. १९०५ पासून मुंबईत परळला काम करणाऱ्या दुसऱ्या आयोगाने हे प्रकरण तडीस नेले. प्लेगची घरे आणि मुद्दाम बांधलेल्या खोल्या यांत गिनिपिग ठेवले. जमिनीवरचे मेले, पिसवाची उडी पोचणार नाही इतक्या उंचीवर टांगलेले आणि बारीक जाळीच्या पिंजऱ्यातले वाचले. फळ्यावर १८९८ आणि १९०५ यांच्यामधले अंतर दाखवून एवढेच विचारावे, की त्या सात वर्षांत काय करायचे होते?

यानंतर गृहपाठ. आपल्या खेड्यापाड्यांत ‘उंदीर पडले’ की गाव सोडून माळावर झोपड्या घालून राहायचे, अशा आठवणी पणजोबांच्या पिढीकडून घरोघर आलेल्या आहेत. शहाणपण होते ते, कारण सांगता येत नव्हते इतकेच. मुलांनी घरी आणि शेजारी अशा आठवणी विचाराव्यात. सांगणाऱ्याचे वय, त्याने ते कोणाकडून ऐकले आणि साल कोणते हे सोबत लिहून आणावे. ऐकीव साल चुकते, तेव्हा ते ताडून पाहावे लागेल. वांद्रे किंवा गिरगावच्या बाजूच्या शाळांना तर पुरावा रस्त्यातच आहे : तेथील जुन्या गावठाणांत प्लेगच्या वेळी उभारलेले क्रूस असून अनेकांवर साल कोरलेले आहे. चार-पाच क्रूसांवरची साले टिपून ती फळ्यावरच्या रेघेवर मांडावीत, आणि ती रेघ तोवर पुसू नये असे शिपायाला सांगून ठेवावे.