सुळेवाल्या चुलत्यांचं घराणं

1838च्या सुमारास दक्षिण आफ्रिकेत घाटरस्ते बांधणाऱ्या अँड्र्यू गेडीज बेन यांना खडकात अजब कवट्या सापडल्या. प्रत्येकीला वरून खाली आलेले दोन सुळे. बेन यांनी नमुने लंडनला धाडले. 1845 मध्ये रिचर्ड ओवेन यांनी त्या प्राण्याचं नाव ठेवलं डायसिनोडॉन. त्याच मुलखातले डॉक्टर डॅनियल कन्नेमेयर हेही असेच जीवाश्मवेडे. हॅरी सीली यांनी 1908 मध्ये एका थोराड, सुमारे तीन मीटर लांबीच्या सुळेवाल्याला त्यांच्यावरून कन्नेमेयेरिया म्हटलं आणि पुढे फ्रीडरिश फॉन ह्यूने यांनी त्या नावानं अख्खं कुळ मांडलं. शास्त्राची पदवी नसलेल्या रस्तेवाल्याचं आणि गावच्या डॉक्टरचं हे ऋण मला फार मोठं वाटतं.

या प्राण्यांना सर्रास डायनोसॉरच्या रांगेत बसवतात, ते साफ चूक आहे. कवटी बघा. डायनोसॉरच्या कवटीत डोळ्यामागे दोन भोकं असतात, इथे आपल्या सस्तन वंशासारखं एकच. जबड्याचे स्नायू त्यातूनच खाली उतरायचे. कानशिलावर बोट ठेवून दात आवळा. बोटाखाली फुगतो तो स्नायू आपल्यातही गालाच्या हाडाआडून तसाच जबड्याकडे जातो. कन्नेमेयेरियाला सुळे सोडले तर दात नव्हते. कासवासारखी चोच होती आणि खालचा जबडा मागे ओढला गेला की पाला कापला जाई.

भारतातही हा गोतावळा होता. राणीगंजजवळ सापडलेल्या एका सुळेवाल्याचं वर्णन थॉमस हक्सले यांनी 1865 मध्येच केलं. पण खरा खजिना हाती आला तो प्राणहिता-गोदावरी खोऱ्यात. कोलकात्याच्या भारतीय संख्याशास्त्र संस्थेनं, म्हणजे आकडेमोडीसाठी नावाजलेल्या संस्थेनं, इथे खडक पिंजून काढले हे विशेष. आजच्या तेलंगणातल्या येरापल्लीच्या लाल चिखलखडकांतून तपन रॉय चौधुरी यांनी 1970 मध्ये दोन नवे प्राणी नोंदवले: रेक्निसॉरस आणि भूशास्त्रज्ञ दा. नौ. वाडिया यांच्या नावाचा वाडियासॉरस. वाडियासॉरसच्या लहानमोठ्या अनेक प्राण्यांची हाडं एकत्र मिळाली, म्हणजे ते कळपानं राहत असावेत. हेच खोरं नदीपल्याड आपल्या सिरोंचा तालुक्यात येतं. वाडियासॉरसला नेमकं कुठल्या शाखेत घालायचं, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत.

कन्नेमेयेरियाचं कुळ ट्रायासिक कालखंडाच्या मधल्या टप्प्यानंतर संपलं. पण त्याच्या भाऊबंदांची एक शाखा पुढे वाढत गेली आणि पोलंडमधल्या लिसोविचे गावाजवळ मिळालेला लिसोविसिया तर हत्तीएवढा निघाला. त्याच्या काळात आपले थेट पूर्वज चिचुंद्रीएवढेच होते.