धावणाऱ्याची शिदोरी

पोलीसभरतीसाठी पहाटे रस्त्याने धावणारी पोरे आज गावोगाव दिसतात. त्यांना एक सल्ला हमखास मिळतो: "नुसत्या भाकरीवर काय धावतोस? मटण खा, अंडी खा!" गरिबाचे पोर ते ऐकून मनातून खचते. पण हा सल्ला किती जुना आहे, ठाऊक आहे? थेट प्राचीन ग्रीसइतका.

पौसानियास नावाचा ग्रीक प्रवासी इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात होऊन गेला. तो लिहितो की, लांब पल्ल्याची शर्यत ऑलिंपियात दोनदा जिंकणाऱ्या द्रोमेउसने खेळाडूंत मांसाहाराची चाल पाडली. त्याआधी ते टोपलीत निथळलेल्या ताज्या चीजवर राहत. द्रोमेउस या नावाचा अर्थच मुळी 'धावणारा'! तेव्हा ही गोष्ट खरी किती आणि रचलेली किती, कोण जाणे. समजूत मात्र टिकली.

एकोणिसाव्या शतकात तिला शास्त्राचा आधारही मिळाला. लीबिग हा जर्मनीचा मोठा रसायनशास्त्रज्ञ. त्याने 1842 साली मांडले की, स्नायू काम करतात ते स्वतःचेच मांस जाळून. म्हणून कष्टकऱ्याने मांस खाल्ले पाहिजे. एवढ्या मोठ्या माणसाचा शब्द खोडणार कोण?

तो खोडला दोन प्राध्यापकांनी, आणि तोही डोंगर चढून. फिक आणि विस्लिसेनुस हे झुरिकचे गृहस्थ 1865 च्या ऑगस्टमध्ये स्वित्झर्लंडमधला फाउलहॉर्न चढले. तळ्याच्या काठापासून माथा 1956 मीटर उंच. आदल्या दुपारपासून त्यांनी मांस, दूध, डाळ यांना शिवायचे नाही असे ठरवले. पिठुळाच्या, चरबीत तळलेल्या वड्या आणि साखरेचा चहा, मुख्यतः यांवर भागवले. आणि चढताना, माथ्यावर पोहोचल्यावर, आपली लघवी बाटल्यांत साठवली! हसू नका. अंगातले प्रथिन जळले की त्याचा नायट्रोजन लघवीवाटे बाहेर पडतो. तो मोजला म्हणजे किती प्रथिन जळले ते कळते. हिशेब केला, तर तेवढ्या प्रथिनांतून हा डोंगर चढण्याइतकी शक्ती निघतच नव्हती. म्हणजे चढ चढवला तो पीठ, साखर आणि चरबीने.

धावणाऱ्यांपर्यंत ही गोष्ट पोहोचायला मात्र आणखी साठ वर्षे लागली. 1924 साली बॉस्टनच्या मॅरेथॉननंतर डॉक्टरांनी काही धावपटूंचे रक्त तपासले. जे पांढरेफटक पडले होते, ज्यांना धड बोलणे सुधरत नव्हते, त्यांच्या रक्तातली साखर फारच उतरलेली होती. पुढल्या वर्षी डॉक्टरांनी सांगितले, आदल्या दिवशी पिष्टमय अन्न भरपूर खा आणि वाटेत साखरेच्या गोळ्या चघळा. या खेपेस साखर टिकली आणि माणसेही शुद्धीवर, हुशारीत पोहोचली.

मग 1967 साली स्वीडनमधल्या संशोधकांनी मांडीच्या स्नायूत सुई घालून त्यातला साखरेचा साठा, म्हणजे ग्लायकोजेन, मोजला. एकाच जागी बसवलेल्या सायकलवर माणसांना थकेपर्यंत पाय मारायला लावले. चरबी आणि मांसाच्या आहारावर ती सरासरी 57 मिनिटे टिकली, नेहमीच्या मिश्र आहारावर 114, आणि पिष्टमय आहारावर 167!

याचा अर्थ डाळ, दूध, अंडी फुकट असा नव्हे. झिजलेल्या स्नायूंची डागडुजी त्यांनीच होते. आणि भरतीची 1600 मीटरची धाव एकट्याने हा साठा काही रिकामा करीत नाही. तो आटतो तो रोजच्या लांबलचक सरावाने. पोटभर धान्य मिळाले नाही तर मग पोर आठवड्याअखेर जड पायाने धावते, आणि आपण म्हणतो, याच्यात दम नाही.

केनियाच्या धावपटूंचे ताट 2004 साली शास्त्रज्ञांनी तपासले. हे जगातल्या सर्वांत चिवट धावणाऱ्यांपैकी. त्यांच्या अन्नातल्या शक्तीपैकी तीन चतुर्थांशाहून थोडी अधिक पिष्टमय पदार्थांतून येत होती. मांस होते, पण बेताचे. मुख्य अन्न उगाली, म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड. हाताने तिचा गोळा मोडायचा, पालेभाजीला लावून खायचा, आणि वर दूध-साखर घातलेला चहा.