कर्करोग संशोधनामागील प्रशासन : लखनौचे उदाहरण

कर्करोगावरील नव्या औषधाची बातमी येते, तेव्हा डॉक्टर आणि शास्त्रज्ञ यांचीच नावे पुढे येतात. परवानग्या, संमतिपत्रे, नोंदी आणि निधीचा हिशेब सांभाळणारे कर्मचारी सहसा अज्ञातच राहतात. उत्तर प्रदेशाची राजधानी लखनौ येथे या कामाची गुंतागुंत विशेष जाणवते.

१९११ मध्ये महाविद्यालय म्हणून सुरू झालेले किंग जॉर्ज वैद्यकीय विद्यापीठ, संजय गांधी पदव्युत्तर आयुर्विज्ञान संस्था आणि सुलतानपूर मार्गावरील कल्याण सिंह कर्करोग संस्था या राज्य शासनाच्या अखत्यारीत आहेत. १९५१ मध्ये छत्तर मंझिल या राजवाड्यात सुरू झालेली केंद्रीय औषध संशोधन संस्था मात्र केंद्राच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेची आहे. या संस्थेने शोधलेल्या ‘सेंटक्रोमॅन’ या गर्भनिरोधकाचा स्तनाच्या कर्करोगावरील उपयोगही पुढे तपासण्यात आला. प्रयोगशाळेतील औषध रुग्णालयात पोहोचते, तेव्हा दोन निराळ्या शासनव्यवस्थांची सांगड घालावी लागते.

औषध चाचणीत हे काम सर्वांत कठीण असते. २०१९ च्या नियमांनुसार नैतिकता समितीत किमान ७ सदस्य असतात आणि त्यांपैकी निम्मे तरी संस्थेबाहेरचे असावे लागतात. समितीच्या मंजुरीनंतर, पहिला रुग्ण दाखल करण्यापूर्वी, चाचणीची नोंद राष्ट्रीय नोंदवहीत केली जाते. ही नोंदवही २००७ मध्ये सुरू झाली व २००९ पासून नोंद सक्तीची झाली. रुग्णाला गंभीर अपाय झाल्यास संशोधकाने २४ तासांत औषध नियंत्रक, पुरस्कर्ता आणि नैतिकता समिती या तिघांना कळवणे बंधनकारक आहे. ही मुदत पाळण्याची धावपळ बहुधा चाचणी समन्वयकाच्या वाट्याला येते. संमतिपत्र रुग्णाला समजेल अशा भाषेत असावे, हेही त्यालाच पाहावे लागते. अवधी समजणाऱ्या रुग्णापुढे संस्कृतप्रचुर हिंदीचा कागद ठेवल्यास सही मिळेल, संमती मिळेलच असे नाही.

रुग्णसंख्येच्या नोंदीचे काम निराळे आहे. देशातील पहिली लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणी १९६३ मध्ये मुंबईत सुरू झाली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने १९८१ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला आणि १९८७ मध्ये सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे ग्रामीण नोंदणी सुरू झाली. २०२२ मध्ये देशात सुमारे १४ लाख ६१ हजार नवे रुग्ण आढळल्याचा या कार्यक्रमाचा अंदाज आहे. असे आकडे रुग्णालये, प्रयोगशाळा आणि मृत्यूच्या नोंदी ताडून तयार होतात. लखनौत निदान झालेला रुग्ण उपचारासाठी मुंबईच्या टाटा रुग्णालयात गेला, तर तो दोनदा मोजला जाण्याचा धोका असतो. नावाचे स्पेलिंग, वय आणि गाव जुळवूनच हा दोष टाळता येतो. २०१२ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय कर्करोग ग्रिडने देशभरातील केंद्रे जोडून उपचार आणि संशोधनात एकसूत्रता आणण्याचा प्रयत्न केला आहे.

उपचारानंतर गोंडा किंवा बहराइचला परतलेला रुग्ण तपासणीला आला नाही, तर औषधाचा गुण आला की नाही, हे कळत नाही. अशा वेळी दूरध्वनी क्रमांक आणि घरचा पत्ता अचूक लिहून ठेवणाऱ्याचे महत्त्व लक्षात येते. चाचणी संपल्यावरही नैतिकता समितीला तिचे दप्तर ५ वर्षे जपावे लागते. समन्वयकाची नेमणूक मात्र अनेकदा प्रकल्पाच्या मुदतीपुरतीच असते.