कागदाची वेस

आपल्या साहित्याला गावाची वेस ठाऊक आहे. वेशीबाहेर ज्यांची घरे, त्यांनी तिच्यावर पुष्कळ लिहिले. परंतु राष्ट्रालाही वेस असते, आणि ती दगडमातीची नसून कागदाची व तारखेची असते, याचा विचार आपल्यात फारसा झालेला नाही. कोणत्या दिवसापर्यंत आलेला माणूस आपला आणि त्यानंतरचा परका, हे ठरविणाऱ्या कायद्यांचा इतिहास मला वर्धा जिल्ह्यात बसून मांडावयाचा आहे. देशाची सीमा येथून शेकडो मैल दूर आहे. तरीही हा इतिहास आपल्या दारावरून गेलेला आहे. ‘परदेशी माणसांचा प्रश्न, आपला काय संबंध?’ असे विचारणाऱ्या कार्यकर्त्यांसाठीच हे टिपण.

इंग्रजांनी परकीयांविषयीचा कायदा 1864 साली केला आणि गुन्हेगार जमातींचा कायदा 1871 साली. हे दोन कायदे शेजारी ठेवून वाचले पाहिजेत. पहिल्याने परदेशी माणसाला देशाबाहेर घालविण्याचा अधिकार सरकारला मिळाला. दुसऱ्याने याच मातीत जन्मलेल्या जमातींना हजेरी लावली आणि ठरलेल्या हद्दीबाहेर जाण्यासाठी पास घ्यावयास भाग पाडले. 1911 नंतर हा कायदा देशभर लागू करता येऊ लागला. स्वतःच्याच देशात परवान्याशिवाय फिरणे गुन्हा ठरलेला माणूस म्हणजे परकीय नव्हे तर कोण? तो कायदा 31 ऑगस्ट 1952 रोजी गेला. म्हणजे समतेची घटना अमलात आल्यावरही अडीच वर्षे तो जिवंत होता.

1946 च्या परकीय नागरिक कायद्यात आणखी एक तत्त्व होते. एखाद्याच्या परकीय असण्याचा प्रश्न उद्भवला, तर आपण परकीय नाही हे त्यानेच सिद्ध करावे. आरोप करणाऱ्याने पुरावा द्यावा हा सर्वसाधारण न्याय येथे उलटा झाला. हे तत्त्व ध्यानात ठेवावे; ते आपल्याला पुढे पुन्हा भेटणार आहे.

फाळणीनंतर 1948 साली पश्चिम पाकिस्तानातून येणाऱ्यांसाठी परमिट आले. घटनेच्या सहाव्या अनुच्छेदाने 19 जुलै 1948 ही तारीख घातली. त्याआधी आलेला सोप्या अटींवर नागरिक, नंतर आलेल्याने नोंदणी करावी. नागरिकत्वाची ही कलमे बाबासाहेबांनी 10 ऑगस्ट 1949 रोजी घटना समितीपुढे ठेवली. त्यांना विरोध करणाऱ्यांत वर्धा नदीपलीकडच्या अमरावतीचे डॉ. पंजाबराव देशमुख होते. बहुजनांच्या शिक्षणासाठी झटलेल्या या माणसाला भारताचे नागरिकत्व फार स्वस्त होत आहे असे वाटले. दुसऱ्या देशाचा नागरिक नसलेल्या प्रत्येक हिंदूला व शिखाला ते मिळावे, अशी त्यांची उपसूचना होती. समितीने ती स्वीकारली नाही. कायमचा कायदा पुढे संसदेने करावा, अशी व्यवस्था झाली. नागरिकत्वाला धर्माची कसोटी लावावी काय, हा वाद असा विदर्भाच्याच दोन जवळच्या माणसांत झडला, हे आपण विसरतो.

संसदेने 1955 साली कायदा केला. तो उदार होता. 26 जानेवारी 1950 नंतर भारतात जन्मलेले मूल, मोजके अपवाद सोडता, नागरिक. पुढे दार किलकिले होत गेले. 1 जुलै 1987 पासून आईबापांपैकी एक जण नागरिक असणे आवश्यक झाले. 2003 च्या दुरुस्तीने, जी 3 डिसेंबर 2004 पासून अमलात आली, दोघांपैकी एकही बेकायदा स्थलांतरित असता कामा नये असे ठरले. जन्माने मिळणारा हक्क वंशाने मिळू लागला. जन्माचा दाखला पुरेनासा झाला. बापाचा आणि आईचा कागद मागितला जाऊ लागला. जन्मावरून माणसाची जागा ठरविणाऱ्या व्यवस्थेशी ज्यांचे भांडण आहे, त्यांना या बदलाचा अर्थ वेगळा सांगावयास नको.

आता दुसरी वेस पाहू. 10 ऑगस्ट 1950 रोजी राष्ट्रपतींचा अनुसूचित जातींचा आदेश निघाला. महाराष्ट्रात जातीचा दाखला मागताना आपला पूर्वज त्या तारखेपूर्वी राज्यात राहत होता हे दाखवावे लागते. विमुक्त-भटक्यांसाठी तारीख 21 नोव्हेंबर 1961 आहे. पण 1950 साली वर्धा महाराष्ट्रात होतेच कोठे? ते मध्यप्रदेशात होते, राजधानी नागपूर. 1 नोव्हेंबर 1956 ला आम्ही न हलता मुंबई राज्यात आलो, 1 मे 1960 ला महाराष्ट्रात. सौंसर-पांढुर्ण्याचा जो मराठी बोलणारा महार 1950 साली आमच्याच प्रांतात होता, तो 1962 साली पुलगाव-हिंगणघाटच्या गिरणीत कामाला आला तर परराज्यातला ठरला. सर्वोच्च न्यायालयाने 1990 साली जमातींबाबत आणि 1994 साली जातींबाबत हेच सांगितले : राज्य ओलांडले की सवलत मागे राहते. जणू अस्पृश्यताही रेल्वेत चढताना मागेच राहते!

कैकाड्यांचे पाहा. कैकाडी वर्धा-यवतमाळात अनुसूचित जातीत. पैनगंगा ओलांडून नांदेडात गेला की विमुक्त, तेथे विधानसभेची राखीव जागा नाही. 1976 च्या कायद्याने क्षेत्रबंधने पुष्कळशी उठविली, कैकाड्यांचे राहिले. काल ज्याला हद्द ओलांडण्यासाठी पास लागे, त्याची आज हद्द ओलांडल्यावर जात बदलते.

आणि 1946 चे ते तत्त्व? महाराष्ट्राच्या 2000 च्या जातप्रमाणपत्र कायद्यातही पुराव्याचा भार अर्जदारावरच आहे. मी विद्यार्थ्यांबरोबर कचेऱ्यांत जातो तेव्हा मागितले जातात ते आजोबांची दाखल-खारीजची नोंद, सातबारा, कोतवाल बुकाची नक्कल. ज्यांना शाळेत बसू दिले नाही त्यांच्याकडे शाळेची नोंद कोठून यावी? ज्यांना जमीन नव्हती त्यांचा सातबारा कोठला? अनेक गावी कोतवालकी महाराकडे होती. साऱ्या गावाच्या जन्ममरणाची वर्दी ज्याने वाहिली, त्याचाच नातू आज नकलेसाठी खेटे घालतो.

या दोन्ही वेशी एकाच समाजावर कोसळल्या तो समाज नमोशूद्रांचा. 1946 साली जोगेंद्रनाथ मंडलांच्या साह्याने बंगालमधून बाबासाहेब घटना समितीवर निवडून गेले. फाळणीनंतर त्या भागातील दलित निर्वासित झाले. उशिरा आलेल्यांना दंडकारण्यात धाडण्यात आले. त्या वेळच्या चांदा, आजच्या गडचिरोली जिल्ह्यातही त्यांची गावे वसली. दंडकारण्यातून 1978 साली मरीचझापीला परतलेल्यांना 1979 साली पोलिसांनी हुसकावले. बंगालमध्ये नमोशूद्र अनुसूचित जातीत. महाराष्ट्राच्या यादीत त्यांचे नावच नाही. ज्यांच्या बळावर बाबासाहेब घटना समितीत पोचले, त्यांची नातवंडे विदर्भात जातिहीन ठरली, जात मात्र सुटली नाही.

2019 च्या दुरुस्तीने पाकिस्तान, बांगलादेश व अफगाणिस्तानातून 31 डिसेंबर 2014 पर्यंत आलेल्या सहा धर्मांच्या लोकांना वाट दिली. मुसलमान त्यात नाहीत. नमोशूद्रांना कागद हवा आहे आणि तो त्यांना मिळालाच पाहिजे. पण 1949 साली नाकारलेली धर्माची कसोटी या वाटेने आत आली, हेही तितक्याच स्पष्टपणे म्हटले पाहिजे. 2025 च्या नव्या कायद्याने 1946 चा कायदा गेला. पुराव्याचा भार मात्र त्याच खांद्यावर राहिला.

म्हणून आपल्या मागण्या दोन्ही वेशींबद्दल एकत्र असाव्यात. भूमिहीनाकडे जमिनीचा कागद मागू नये. कोतवाल बुके सडण्याआधी त्यांच्या नकला सर्वांना खुल्या व्हाव्यात. जुन्या प्रांताच्या एकाच हद्दीत राहिलेल्यांना एकमेकांचे परके मानू नये. गडचिरोलीच्या नमोशूद्रांचा प्रश्न आपला मानावा. तोवर प्रत्येक वस्तीत एका शिकलेल्या मुलाने घरोघरचे कागद पाहावेत, काय आहे आणि काय नाही ते लिहून ठेवावे. हे काम सभेतल्या भाषणाइतकेच चळवळीचे काम आहे.