नाणे कोणाचे, बट्टा कोणाला?



खालापुराहून खोपोलीला आणि तेथून बोरघाट चढून पुण्याकडे जाणारी वाट फार जुनी. घाटाच्या पायथ्याशी खोपोलीत नाना फडणिसांनी बांधविलेला तलाव व महादेवाचे देऊळ आजही आहे. त्या काळी या वाटेने व्यापाऱ्यांचे बैल चढत-उतरत. व्यापाऱ्याला बैलांइतकीच दुसरी एक काळजी असे : कनवटीचा रुपया घाट चढल्यावर पुऱ्या भावाने चालेल ना? मुंबईच्या बाजारात सुरती रुपया चाले, तर पुण्याकडे अंकुशी, चांदवडी. रुपया मोडून रुपयाच घ्यायचा, तरी सराफ बट्टा कापून घेई!

याचे कारण असे, की टाकसाळ सरकारनेच चालवावी अशी तेव्हा रीत नव्हती. पेशवे परवाना देत, त्याबद्दल रक्कम घेत, आणि नाणी पाडी तो खाजगी इसम. १७४४ च्या सुमारास आपल्याच जिल्ह्यात, नागोठणे व रेवदंडा येथे, तांब्याचे पैसे पाडण्याचे असे परवाने दिले गेले. न्यायमूर्ती रानड्यांनी या मराठेशाहीतील टाकसाळींवर मुद्दाम लिहून ठेवले आहे. वजन नि कस ठरवून दिलेला असे, हे खरे. पण चांदीत हीण किती, हे शेतकऱ्याने कसे ओळखावे? म्हणून नाणी पारखायला पोतदार लागे. (पोतदार, पारख, सराफ ही आडनावे आली ती इथून.) त्याने नाणे हलके ठरविले, की तूट सारा भरणाऱ्याच्या पदरात. धारवाडकडे तर जमीनदारांच्या टाकसाळींतून इतकी खोटी नाणी निघू लागली, की १७६० च्या सुमारास त्या बंद करून एकच मध्यवर्ती टाकसाळ घालावी लागली.

पुढे १८३५ साली कंपनी सरकारने एकच रुपया केला. १८६१ च्या कायद्याने नोटा काढण्याचा हक्क बँकांकडून सरकारकडे गेला, आणि १९३५ पासून रिझर्व्ह बँक आली. घाटावर नि घाटाखाली रुपया एकच झाला. गरिबाच्या दृष्टीने ही गोष्ट लहान नव्हे.

म्हणून सरकारी चलन निर्दोष आहे काय? मुळीच नाही. १९७८ मध्ये आणि पुन्हा ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री मोठ्या नोटा एका घोषणेने रद्द झाल्या. वाडीवरच्या ज्या माणसाला बँक लांब, त्याची मजुरी रांगेत बुडाली. महागाई तर नोटेचे मोल रोजच कुरतडते. १९७१ पासून डॉलरलाही सोन्याचा आधार उरलेला नाही. मग लोक सोन्याकडे वळले तर नवल काय? २०२५ साली दहा ग्रॅमचा भाव लाखावर गेला. पण अडीअडचणीला पाटल्या मोडायला जा बरे! मजुरी गेली, घट गेली. तोच जुना बट्टा, दुसऱ्या नावाने.

आता तिसरे नाणे आले आहे, न दिसणारे. बिटकॉइन २००९ साली निघाले. दोन कोटी दहा लाखांपेक्षा जास्त ती निघायची नाहीत, असा त्याचा नियम. हा नियम मला लबाडीचा वाटत नाही. परंतु नोव्हेंबर २०२१ मध्ये सुमारे ६९,००० डॉलरला असलेले हे नाणे वर्षभरात १७,००० च्या खाली आले. अशा नाण्यात भाताचा भाव ठरवायचा कसा? आपल्या सरकारने २०२२ साली त्यावरच्या नफ्यावर तीस टक्के कर बसविला. चलन म्हणून मान्यता मात्र दिली नाही. त्याच डिसेंबरात रिझर्व्ह बँकेने आपला डिजिटल रुपया लहान प्रमाणावर सुरू केला.

कर्जत-खालापुरात हा प्रश्न पुस्तकी राहिलेला नाही. द्रुतगती मार्ग आला, जमिनी विकल्या गेल्या, कित्येक घरांत एकदम मोठी रक्कम आली. अशा घरी कोणी नव्या नाण्याची योजना घेऊन आला, तर त्याला एवढेच विचारावे : बुडाले तर तक्रार कोणाकडे न्यायची? नागोठण्याच्या टाकसाळवाल्याला निदान परवाना होता, नि परवाना देणारे सरकार पुण्यात बसलेले होते.

शिक्षकबंधूंना एक सुचवितो. पुष्कळ घरांच्या देव्हाऱ्यात जुनी शिवराई असते. मुलांना दोन-चार आणायला सांगा आणि सोनाराच्या काट्यावर तोलून पाहा. सगळ्यांचे वजन सारखे भरेल, अशी हमी मात्र मी देत नाही.